घोड्यांच्या रक्तातला मारेकरी शोधणारे ग्रिफिथ इव्हान्स

सन १८८०. वायव्य सरहद्दीवरील डेरा इस्माईल खान येथे लष्कराचे घोडे आणि उंट मोठ्या संख्येने मरत होते. ताप चढायचा, उतरायचा. पोटाखाली आणि पायांवर सूज यायची. जनावर चारा खात असूनही दिवसेंदिवस खंगत जायचे आणि शेवटी कोसळायचे. स्थानिक लोक या रोगाला ‘सर्रा’ म्हणत आणि त्याचा दोष चावणाऱ्या मोठ्या तपकिरी माश्यांना देत. कारण शोधण्याचे काम ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यकाकडे आले.

इव्हान्स यांचा जन्म १८३५ मध्ये वेल्समधील टाविन गावाजवळच्या शेतकरी कुटुंबात झाला. लंडनमध्ये पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन ते १८६० मध्ये तोफखान्यात दाखल झाले. कॅनडात नेमणूक असताना त्यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून १८६४ मध्ये माणसांच्या डॉक्टरकीची पदवीही मिळवली. १८७७ मध्ये ते भारतात आले.

आजारी घोड्यांचे रक्त त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तांबड्या पेशींच्या गर्दीतून एक बारीक, सर्पासारखा जीव वळवळत होता. तो दिसला म्हणजे तोच रोगाचे कारण, असे मानून ते थांबले नाहीत. आजारी जनावराचे रक्त त्यांनी निरोगी घोड्याला टोचले. त्या घोड्यालाही सर्रा झाला आणि त्याच्या रक्तातही तोच परजीवी सापडला.

हा अहवाल वरिष्ठांना पटला नाही. अडचण उंदरांची होती. कलकत्त्याचे संशोधक टिमोथी लुईस यांना १८७८ मध्ये धडधाकट उंदरांच्या रक्तात असेच जीव आढळले होते. उंदराला ते बाधत नाहीत, मग घोड्याला कसे मारतील, असा प्रश्न होता. रक्तातले जंतू हे रोगाचे कारण नसून परिणाम आहेत, असे मानणारेही बरेच होते.

पाच वर्षांनी ब्रह्मदेशात लष्करी वाहतुकीची खेचरे अशाच रोगाने मरू लागली. तपासणीसाठी गेलेले जॉन हेन्री स्टील यांना खेचरांच्या रक्तात तोच जीव दिसला. त्याचा गट ओळखण्यात त्यांची चूक झाली, पण त्याला नाव मात्र इव्हान्स यांचेच दिले. हेच स्टील १८८६ मध्ये मुंबईत परळला सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले.

पुढे आफ्रिकेत डेव्हिड ब्रूस यांना जनावरांच्या ‘नगाना’ रोगामागे याच कुळातला परजीवी सापडला. घोडमाश्या सर्रा पसरवतात, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये प्रयोगाने दाखवले. स्थानिकांचा संशय खरा ठरला. घोड्याच्या रक्तातला तो जीव आज ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ या नावाने ओळखला जातो.

इव्हान्स १८९० मध्ये निवृत्त होऊन वेल्समधील बँगोरला राहिले. १९१७ मध्ये लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने त्यांना मेरी किंग्सले पदक दिले. तेव्हा ते ८२ वर्षांच्या घरात होते. वयाची शंभरी पूर्ण करून डिसेंबर १९३५ मध्ये ते निवर्तले.

त्यांचा परजीवी मात्र अजून आहे. घोडे, गाढवे, खेचरे, उंट आणि कुत्र्यांना तो ग्रासतो. गाई-म्हशींत बऱ्याचदा लपून राहतो. माणसाच्या रक्तातले एक प्रथिन त्याला मारते, म्हणून सहसा आपल्याला धोका नसतो. पण २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. माणसाला सर्रा झाल्याची ही खात्रीशीर नोंद झालेली पहिली घटना. त्याच्या रक्तात ते प्रथिन कार्यक्षम नव्हते. सुरामिन या औषधाने तो बरा झाला.

हा परजीवी रक्तात कधी दिसतो, कधी नाहीसा होतो. म्हणून खात असूनही खंगणाऱ्या जनावराचे रक्त ताप असतानाच तपासावे, आणि एकदा काही सापडले नाही तर पुन्हा तपासावे.