मलिक अंबर 'हबशी' होता, म्हणजे नेमका कोण होता? टिग्रे, टिग्रिन्या की तिसराच कुणी?

पुण्याहून सोलापूरला निघालेली गाडी भिगवणला थांबते ती बहुतेक वेळा माशांसाठी. उजनीचं पाणी, ताजे मासे, हिवाळ्यात फ्लेमिंगो. भिगवण म्हटलं की एवढंच आठवतं. पण ४०० वर्षांपूर्वी उजनी नव्हतं. तेव्हा इथे होती नुसती भीमा, आणि नदीपल्याडच्या नगरमध्ये होती निजामशाहीची राजधानी. मागच्या बाजूला सुपे, पुढे इंदापूर. हा सगळा मुलूख भोसल्यांच्या जहागिरीशी जोडलेला. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्याच लढाईत पडले असं सांगतात. तिथे त्यांची गढी आजही दाखवतात.

मालोजीराजे ज्या निजामशाहीचे सरदार होते, त्या निजामशाहीचा कारभार त्या काळात एका माणसाच्या हातात जात होता. त्याचं नाव मलिक अंबर.

शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख एका शब्दात होते. हबशी. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आला आणि वजीर झाला. गोष्ट भारी आहे, पण त्यात एक प्रश्न कुणी विचारत नाही. हबशी म्हणजे नेमका कोण? आफ्रिका काही एक गाव नाही. त्याची आई त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलत असेल?

तर आधी हा शब्दच बघू.

हबशी हा शब्द आला अरबीतल्या 'हबश'वरून. तांबड्या समुद्रापलीकडच्या डोंगराळ मुलखाला अरब लोक हबश म्हणायचे. आजचा इथिओपिया आणि इरिट्रिया. तिथले डोंगरात राहणारे काही लोक आजही स्वतःला 'हबेशा' म्हणवतात. पण सगळे नाही. हबेशा म्हणजे प्रामुख्याने अम्हारा आणि टिग्रिन्या बोलणारे. शेतकरी समाज, बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन.

आता इथे पहिला घोळ होतो. टिग्रिन्या आणि टिग्रे हे एकच वाटतात. ते एक नाहीत.

टिग्रिन्या ही भाषा इथिओपियाच्या टिग्राय प्रांतात आणि इरिट्रियाच्या उंच पठारावर बोलतात. इरिट्रियातला हा सगळ्यात मोठा समाज. टिग्रे हे मात्र इरिट्रियाच्या उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या सखल भागात, तांबड्या समुद्राच्या किनाऱ्याकडे राहतात. इरिट्रियात संख्येने दुसऱ्या नंबरवर. बहुतेक मुसलमान, परंपरेने गुरं-उंट राखणारे. त्यांच्यातली काही घराणी सुदानमध्येही आहेत. म्हणजे एक डोंगरावरचा शेतकरी, दुसरा खालच्या माळावरचा धनगर. धर्म वेगळा, राहणी वेगळी, भाषाही वेगळी.

घोळ वाढतो तो नावांमुळे. अम्हारी भाषेत भाषेच्या नावामागे 'न्या' लावायची पद्धत आहे, म्हणून टिग्रायची भाषा ती टिग्रिन्या. इकडे टिग्रे लोक आपल्या भाषेला 'टिग्राईत' म्हणतात, जे ऐकायला पुन्हा टिग्रायसारखंच. त्यात जुन्या इंग्रजी नकाशांवर टिग्राय प्रांताचं स्पेलिंगही टिग्रे असंच छापलेलं असायचं. २०२० ते २०२२ मध्ये टिग्रायमध्ये युद्ध झालं तेव्हा हाच गोंधळ बातम्यांमधूनही फिरला. युद्ध टिग्रायमध्ये होतं, म्हणजे टिग्रिन्या बोलणाऱ्यांच्या मुलखात. टिग्रे लोकांच्या नाही.

हे लांबचं वाटत असेल तर घरचं उदाहरण घ्या. रत्नागिरीचा कोकणी माणूस आणि नाशिक-पालघरच्या डोंगरातला कोकणा आदिवासी. नावात एका मात्रेचा फरक. पण दोघांना एक समजलात तर दोघंही तुमच्याकडे बघत राहतील.

दोन्ही भाषा एकाच घरातल्या आहेत हे मात्र खरं. अरबी, हिब्रू ज्या सेमिटिक कुळातल्या, त्याच कुळातल्या टिग्रे आणि टिग्रिन्या. दोघींच्या वर गीझ नावाची जुनी भाषा, जी आता आपल्याकडच्या संस्कृतसारखी मुख्यतः देवळात, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये उरली आहे. लिपीही तिच्यावरूनच आली. पाण्याला दोन्हीकडे 'माय' म्हणतात, अरबीतल्या 'मा'च्या जवळचं. पण घराला टिग्रे माणूस 'बेत' म्हणतो, जे अरबीतल्या 'बैत'शी जुळतं, आणि टिग्रिन्या बोलणारा साधारणपणे 'गेझा' म्हणतो. मराठी आणि गुजराती बहिणी असल्या तरी इंदापूरच्या आजीला गुजराती बातम्या कळतीलच असं नाही, तसंच हे.

आणखी एक गोष्ट. त्या सखल भागातल्या जुन्या समाजव्यवस्थेत 'टिग्रे' हा शब्द वरच्या घराण्यांच्या ताब्यातल्या रयतेसाठी वापरला जायचा. म्हणजे वेठीचे, बांधलेले लोक. पुढे तेच अख्ख्या समाजाचं नाव झालं.

आता मलिक अंबरकडे येऊ.

त्याचा जन्म साधारण १५४८ चा. मूळ नाव चापू असं एका डच व्यापाऱ्याच्या नोंदीतून कळतं. तो जन्मला तेव्हा तो सगळा प्रदेश युद्धांनी पोळून निघालेला होता. आधी अदल राज्याचा इमाम अहमद आणि हबेशांचं ख्रिश्चन राज्य यांच्यात १५२९ ते १५४३ अशी लढाई झाली. एकाला तुर्कांची मदत, दुसऱ्याला पोर्तुगीजांची. मग दक्षिणेकडून ओरोमो लोक वर सरकले. १५५७ मध्ये तुर्कांनी मसावा बंदर घेतलं. अशा काळात पकडलेल्या पोरांचा बाजार तेजीत असतो. मसावा, झैला या बंदरांतून त्यांना तांबड्या समुद्रापलीकडे न्यायचे.

चापू अशाच एका मोख्याच्या बाजारात विकला गेला. मोखा म्हणजे येमेनमधलं कॉफीसाठी प्रसिद्ध असलेलं बंदर. किंमत २० डुकाट, असं त्याच डच नोंदीत आहे.

तो टिग्रे होता का? टिग्रिन्या होता का? इतिहासकारांचा कल दोन्हीकडे नाही. काही जण त्याचं मूळ दक्षिण इथिओपियातल्या कंबाटा भागात शोधतात, काही जण हरारच्या बाजूला, काही त्याला ओरोमो मानतात. आणि इथे भाषेचा मुद्दा कामाला येतो. कंबाटा आणि ओरोमो या भाषा सेमिटिक नाहीतच, त्या कुशिटिक शाखेच्या. हरारी मात्र सेमिटिक. म्हणजे तो कंबाटाचा किंवा ओरोमो असेल, तर ज्याला आपण चारशे वर्षं हबशी म्हणतोय तो मूळ अर्थाने हबेशा नव्हताच. हबेशा राज्याच्या आसपासच्या, कदाचित त्याच राज्याने पिळलेल्या लोकांतला तो होता. गुलामांच्या व्यापाऱ्याला या फरकाशी काय देणंघेणं? त्याच्या वहीत सगळे हबशी.

मोख्याहून तो बगदादला गेला. तिथला व्यापारी मीर कासिम याने पोरगं हुशार आहे हे ओळखलं. त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि नवं नाव दिलं, अंबर. १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला दख्खनमध्ये आणून विकलं ते निजामशाहीच्या पेशव्याला, चंगेजखानाला. गंमत म्हणजे हा चंगेजखान स्वतःच एके काळी गुलाम म्हणून आलेला हबशी. त्याच्याकडे असे हजारभर हबशी होते. कुणी सैन्यात, कुणी कारभारात. दख्खनच्या सुलतानांना असे लोक हवे असायचे, कारण त्यांचं इथे ना गाव ना भाऊबंद. निष्ठा फक्त मालकाशी.

चंगेजखान काही वर्षांतच मेला आणि त्याच्या बायकोने अंबरला मोकळं केलं.

पुढची वीसेक वर्षं तो भाड्याने लढणारा स्वार होता. विजापूरकडे गेला, तिथे 'मलिक' ही पदवी मिळाली, आणि १५९५ च्या सुमाराला दीडशे स्वार घेऊन परत नगरला आला. तेव्हा निजामशाही अक्षरशः मोडत होती. मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, चांदबिबीने तो परतवला. पण १६०० मध्ये चांदबिबी आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली आणि किल्ला पडला. दिल्लीच्या हिशेबाने निजामशाही संपली.

मलिक अंबरच्या हिशेबाने नाही. त्याने विजापुरातून निजामशाही घराण्याचा एक वीस वर्षांचा पोरगा शोधून आणला, परांड्याच्या किल्ल्यात त्याला मुर्तझा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. वीस डुकाटांना विकलेला माणूस आता सुलतानाचा सासरा होता.

पण जुनं लेबल सुटलं नाही. डच नोंद असं सांगते की सुलतानाच्या थोरल्या इराणी बेगमेने भांडणात अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं आणि बापाबद्दलही वाईट बोलली. मुलीने ते बापाच्या कानावर घातलं. १६१० मध्ये सुलतान आणि ती बेगम दोघंही विषाने गेले आणि सुलतानाचा लहान मुलगा गादीवर आला. मलिक अंबरचा हा चेहरा शाळेच्या पुस्तकात नसतो.

याच सुमाराला त्याने राजधानी जुन्नरहून दौलताबादला नेली आणि जवळच खडकी नावाचं शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणणारी त्याची नहर आजही अभ्यासक बघायला जातात.

मोगलांशी लढायला त्याच्याकडे तोफा कमी आणि मराठे घोडेस्वार भरपूर होते. म्हणून त्याने समोरासमोरची लढाईच टाळली. रसद तोडायची, रात्री छापा टाकायचा, डोंगरात गायब व्हायचं. गनिमी कावा म्हणून पुढे जे गाजलं, त्याचे धडे शहाजीराजांच्या पिढीने या मोहिमांतच गिरवले. जहांगीर एवढा वैतागला होता की अंबरचं मुंडकं भाल्यावर लावलंय आणि आपण त्यावर बाण मारतोय, असं चित्रच त्याच्या दरबारात रंगवलं गेलं. चित्रातच, कारण प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. १६१६ मध्ये रोशनगावला अंबर हरला आणि मोगलांनी खडकी जाळली. त्याने ती पुन्हा उभी केली.

त्याची सगळ्यात मोठी लढाई १६२४ ची, भातवडीची. नगरजवळचं गाव. एका बाजूला मोगल आणि आदिलशाही एकत्र, दुसऱ्या बाजूला पंचाहत्तरी पार केलेला अंबर आणि त्याच्यासोबत शहाजीराजे. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीचा चिखल झाला, तोफा-जनावरं रुतली. आदिलशाही सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. त्यानंतर अंबर सोलापूरवरही गेला.

लढाया सगळ्यांना माहीत असतात. भिगवण-इंदापूरच्या शेतकऱ्याशी त्याचा जास्त संबंध आला तो साऱ्यामुळे. आधी गावं ठेकेदारांना दिली जायची आणि ठेकेदार रयतेला पिळायचे. अंबरने ठेके बंद केले, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवला, पाटील-कुलकर्ण्यांना जबाबदार धरलं. सुरुवातीला पिकाचा दोन पंचमांश हिस्सा, नंतर त्याऐवजी रोख रक्कम. मलिकंबरी धारा हा शब्द त्याच्यामागे दोनशे वर्षं टिकला. इंग्रज आले तेव्हा त्यांचे अधिकारी ही जुनी पद्धत कशी चालायची याची चौकशी करत होते. प्रिंगलसाहेबाची पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातूनच. १८३६ मध्ये मुंबई इलाख्यातला तीस वर्षांचा सारा पहिल्यांदा ठरला तो इथे.

मे १६२६ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या आसपास, मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. मुलगा फत्तेखान याला बापाचं काहीच जमलं नाही. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांकडे गेलं आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली.

त्याच्यासारखे हजारो जण त्याच वाटेने आले. जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य १९४८ पर्यंत चाललं, त्या मुलखाला आपल्याकडे हबसाण म्हणायचे. कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात आजही सिद्दी राहतात. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आले होते. आज ते घरात कोकणी आणि मराठी बोलतात.