श्रीनिवास रामानुजन्

कावेरीतीरावरील कुंभकोणम् हे देवालयांचे नगर. तेथे शार्ङ्गपाणीच्या मंदिरालगतच्या गल्लीत, एका निर्धन वैष्णव ब्राह्मणाच्या घरी श्रीनिवास रामानुजन् लहानाचे मोठे झाले. जन्म आजोळी, ईरोड येथे, २२ डिसेंबर १८८७ रोजी झाला. पिता कापडाच्या दुकानात कारकून. माता कोमलताम्माळ देवळात भजने गात असत. नामक्कलची नामगिरी ही त्यांची कुलदेवता. आपल्याला स्फुरणारे गणित तिच्याच कृपेचे फळ होय, अशी रामानुजन् यांची अढळ श्रद्धा होती.

१९०४ साली कुंभकोणम्‌च्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती मिळाली; परंतु चित्त गणितावाचून कशातच रमेना. इतर विषयांत ते अनुत्तीर्ण झाले, शिष्यवृत्ती गेली, पदवी दुरावली. कागद परवडत नसे, म्हणून ते पाटीवर गणित करीत, कोपराने पुसत आणि केवळ निष्कर्ष वहीत उतरवीत. १९०९ मध्ये जानकीशी विवाह झाला. १९१२ मध्ये मद्रास बंदरात मासिक तीस रुपयांची कारकुनी लाभली. पुढल्याच जानेवारीत केंब्रिजच्या हार्डी यांना त्यांनी पत्र धाडले, तेव्हा दैव पालटले. समुद्रगमनाचा निषेध आड येत होता; मातेला स्वप्नात देवीची आज्ञा झाली आणि तिने अनुमती दिली, असे सांगतात. मार्च १९१४ मध्ये ते जहाजावर चढले.

१७२९ या संख्येची कथा सर्वश्रुत आहे. पण त्याहून मोठे काम त्यांनी १९१५ सालीच केले होते. बाराला सहा विभाजक आहेत. त्याहून लहान कोणत्याही संख्येला इतके नाहीत. अशा संख्यांची मांडलेली त्यांची सारणी ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत जाते. या तेरा अंकी संख्येच्या मूळ अवयवांत २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोनदोनदा, तर ११, १३, १७, १९, २३ एकेकदा येतात. प्रत्येक आवर्तनात एक मिळवून गुणाकार केला की विभाजक निघतात १०,०८०. अवयव जसजसा मोठा, तसतशी त्याची आवर्तने कधीच वाढत नाहीत, हे त्यांनी सिद्ध केले. यंत्राचे साहाय्य नव्हते. शंभरांहून अधिक संख्या हातानेच शोधलेल्या! त्यांत एकच सुटली: २,९३,३१,८६,२५,६००. नवल असे की, शेवटच्या संख्येला २३ ने भागले की हीच येते.

या प्रबंधावर १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना बी.ए. ही पदवी दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. परदेशातही ते शाकाहारी राहिले, स्वतःच अन्न रांधीत. युद्धकाळात मात्र भाजीपाल्याचे हाल झाले. थंडी आणि व्याधी यांनी देह खचला. १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मद्रास येथे निवर्तले. रोगशय्येवरही लेखणी थांबली नव्हती. त्या अखेरच्या काळातील पाने पुढे इंग्लंडला पोचली आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पडून राहिली; ती १९७६ साली सापडली.