क्यूबाची हवा सांभाळणारा दुकानदार

पावसाळ्यात डब्याचे झाकण नीट लागले नाही तर पापड सादळतात आणि उन्हाळ्यात ओले फडके वाळले तर विड्याची पाने माना टाकतात. प्रत्येक जिनसाला तिची अशी एक हवा लागते, हे घराघरांत ठाऊक असते. म्हणूनच तांबोळी दिवसातून अनेकदा पाने उलटतो, फडक्यावर पाणी शिंपडतो, सडके पान वेळीच काढून टाकतो. त्याच्या या राखणीचे कौतुक मात्र कोणी करीत नाही. पिकविणाऱ्याचे नाव होते, बनविणाऱ्याचे नाव होते; सांभाळणारा सहसा अनामिकच राहतो. या नियमाला विसाव्या शतकात एक ठळक अपवाद घडला. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात तंबाखूचे दुकान चालविणाऱ्या एका गृहस्थाने सिगार नीट ठेवण्याच्या बळावर एवढा लौकिक मिळविला, की अखेर सिगारलाच त्याचे नाव देण्यात आले. ते नाव झिनो डेव्हिडॉफ.

झिनो यांचा जन्म ११ मार्च १९०६ रोजी तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील युक्रेनमध्ये, तंबाखूचा व्यापार करणाऱ्या एका ज्यू कुटुंबात झाला. चार भावंडांत ते थोरले. त्या काळी रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर वारंवार हल्ले होत असत. अशा वातावरणात १९११ साली या कुटुंबाने मायदेश सोडला आणि जिनिव्हा गाठले. झिनो तेव्हा पाच वर्षांचा होता. वडिलांनी परक्या शहरात पुन्हा आपला जुनाच व्यवसाय मांडला. रशियातून परागंदा झालेल्या अनेक क्रांतिकारकांचा जिनिव्हात राबता असे. त्यांच्यापैकी उल्यानॉव्ह नावाचा एक गिऱ्हाईक, म्हणजेच पुढे लेनिन म्हणून जगाला माहीत झालेला नेता, दुकानातून तंबाखू उधारीवर नेत असे, अशी एक आठवण झिनो पुढे रंगवून सांगत. तिला दुसरा आधार मात्र त्यांच्या कथनाबाहेर शोधावा लागतो.

शालेय शिक्षण १९२४ साली संपल्यावर हा तरुण धंद्याचे मूळ पाहण्यासाठी लॅटिन अमेरिकेत गेला. अर्जेंटिना आणि ब्राझील करीत तो क्यूबात पोहोचला आणि तेथे सुमारे दोन वर्षे तंबाखूच्या मळ्यावर राबला. सिगार म्हणजे काय, हे त्याला तेथे उमगले. सिगार बाहेरून एक नळी दिसत असली, तरी तिच्यात तीन थर असतात. आत भरणाची पाने, ती घट्ट धरून ठेवणारे बांधणीचे पान आणि सर्वांत वर नितळ, तलम वेष्टनाचे पान. ही पाने खुडल्यावर वाळवावी लागतात, मग ढीग रचून आंबवावी लागतात, पुढे मुरवावी लागतात. वळून तयार झालेल्या सिगारमध्येही हे मुरणे मंदगतीने चालूच राहते. थोडक्यात, सिगार ही कारखान्यातून बाहेर पडताच पुरी झालेली वस्तू नव्हे. लोणच्यासारखी तीही बरणीत घडत असते, आणि बरणी चुकली तर बिघडत असते.

१९३० च्या सुमारास झिनो जिनिव्हाला परतले आणि त्यांनी वडिलांच्या दुकानाची सूत्रे हाती घेतली. तेथे त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो वरवर अगदी साधा होता. हवानाहून निघालेली उत्तम सिगार जिनिव्हात गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत तशी राहत नसे.

याचे कारण हवेत आहे. थंड हवेत बाष्प मावण्याची क्षमता फार कमी असते. शून्य अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर ४.८ ग्रॅम बाष्प राहू शकते. २० अंशांच्या हवेत मात्र १७ ग्रॅमांहून अधिक मावते. हिवाळ्यात बाहेरची गारठलेली हवा घरात आली आणि शेगडीने तापली, की तिच्यातील बाष्प तेवढेच राहते, पण तिची तहान कितीतरी वाढते. बाहेर पूर्ण ओली असलेली हवा खोलीत येताच जेमतेम २८ टक्के आर्द्रतेची होऊन बसते. ही तहानलेली हवा लाकूड, कातडे, माणसाची त्वचा, जे सापडेल त्यातून ओलावा शोषून घेते. क्यूबाच्या दमट समुद्री हवेत वाढलेले आणि वळले गेलेले तंबाखूचे पान अशा खोलीत काही दिवसांतच कुरकुरीत होते. वेष्टनाला चिरा पडतात, पानातील सुगंधी तेले उडून जातात आणि उरलेला धूर तिखट, भाजरा लागतो. वाळलेल्या सिगारला पुन्हा ओलावा देता येतो, पण उडालेली तेले परत आणता येत नाहीत. शिवाय हा ओलावा घाईने दिला, तर आतले भरण आधी फुगते आणि वरचे नाजूक वेष्टन फाटते.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा. आर्द्रता फार वाढली तर सिगार जड होते, धड पेटत नाही, एका बाजूने जळत जाते आणि तिच्यावर बुरशी धरते. तापमान २४-२५ अंशांच्या वर गेले, तर पानात दडलेली तंबाखूच्या भुंगेऱ्याची अंडी उबतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या पेटीतल्या सिगारना टाचणीएवढी भोके पाडतात. म्हणजे वाट अरुंद. आर्द्रता साधारण ६५ ते ७२ टक्के आणि तापमान १६ ते २१ अंश, एवढ्याच पट्ट्यात सिगार सुखाने नांदते.

झिनो यांनी आपल्या दुकानाच्या तळघरात ही अरुंद वाट आखली. ऊब आणि ओलावा दोन्ही ताब्यात ठेवलेले सिगारचे ते कोठार युरोपातील अशा प्रकारचे पहिले मानले जाते. तेथे पेट्या वर्षानुवर्षे क्यूबासारख्या हवेत मुरत राहत. पण गिऱ्हाइकाने विकत घेतलेली पेटी घरी नेली, की पुन्हा शेगडीची कोरडी हवा होतीच. तेव्हा त्या तळघराचीच छोटी प्रतिकृती टेबलावर ठेवता यावी, म्हणून त्यांनी ह्युमिडॉर, म्हणजे आर्द्रता राखणारी लाकडी पेटी, घडविली. टेबलावरच्या ह्युमिडॉरचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते.

या पेटीचे तंत्र पाहण्याजोगे आहे. आतून तिला जे लाकूड लावतात, त्याला स्पॅनिश सीडर म्हणतात. पण ते ना स्पेनचे, ना सीडरचे. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांत वाढणारा हा वृक्ष मॅहॉगनीच्या, म्हणजेच आपल्या कडुनिंबाच्या कुळातला. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालणाऱ्यांना त्याचा वास किडीला का रुचत नाही, हे वेगळे सांगायला नको. हे लाकूड ओलावा शोषते आणि हवा कोरडी पडली की तो परत देते, तरीही सहसा वाकत नाही. नवी पेटी म्हणूनच आधी स्वतः पाणी प्यायलेली असावी लागते. नाही तर तिचे कोरडे लाकूडच सिगारचा ओलावा पिऊन टाकते. ओलाव्यासाठी आत स्पंज किंवा तत्सम वस्तू ठेवतात आणि तिच्यात नळाचे नव्हे, तर ऊर्ध्वपातित पाणी घालतात. नळाच्या पाण्यातील क्षार स्पंजची छिद्रे बुजवतात. आर्द्रतामापकाचा काटा खरे बोलतो का, हे पाहण्याची युक्ती तर स्वयंपाकघरातली आहे. थोडे मीठ पाण्याने जेमतेम ओले करून काट्यासह बंद डब्यात काही तास ठेवले, तर आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. काटा त्याहून जितका मागे वा पुढे, तितकी त्याची चूक.

दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ राहिले आणि भोवतालचा युरोप जळत असताना झिनो यांच्या कोठारातील पेट्या सुरक्षित राहिल्या. युद्धाच्या काळात आणि त्यानंतर त्यांचे दुकान झपाट्याने नावारूपाला आले. १९४६ साली त्यांनी हवानाच्या ओयो दे मोंतेरे या घराण्याच्या सिगारची एक मालिका काढली आणि तिला फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या नामांकित मद्यांची नावे दिली. ही नुसती विक्रीची क्लृप्ती नव्हती. मद्याप्रमाणे सिगारलाही तळघर हवे, तिलाही वय असते, हा विचार त्या नावांतून गिऱ्हाइकांच्या मनात रुजला. १९६७ मध्ये त्यांनी सिगारच्या दर्दींसाठी फ्रेंच भाषेत एक पुस्तकही लिहिले.

दरम्यान क्यूबात क्रांती झाली होती आणि १९६० मध्ये सिगारचे कारखाने सरकारच्या ताब्यात गेले होते. जुने मालक देशोधडीला लागले. जगाच्या बाजारात पत टिकविण्यासाठी नव्या सरकारी महामंडळाला, क्यूबाताबाकोला, विश्वासाचे एखादे नाव हवे होते. त्यांनी झिनो यांना गाठले. १९६० च्या दशकाअखेर हवानातील एल लागितो या कारखान्यात डेव्हिडॉफ नावाच्या सिगार वळल्या जाऊ लागल्या. फिडेल कॅस्ट्रो यांच्या खास सिगारही याच कारखान्यात बनत असत. साम्यवादी राजवटीने एका भांडवलदार दुकानदाराचे नाव आपल्या सर्वोत्तम मालावर छापावे, हा योग दुर्मीळच. ज्याने स्वतः कधी कारखाना काढला नाही, त्याच्या राखणदारीला मिळालेली ही पावती होती.

१९७० साली झिनो यांनी आपला व्यवसाय बासेलच्या ओटिंगर कंपनीला विकला. कंपनीचे प्रमुख अर्न्स्ट श्नायडर यांनी हे नाव जगभर नेले. पुढे तर ते अत्तरांवरही झळकले. झिनो मात्र अखेरपर्यंत या नावाचे दूत म्हणून वावरत राहिले. पण जसजसे नाव मोठे होत गेले, तसतशी हवानाशी कुरबुर वाढली. येणारा माल पूर्वीसारखा नाही, ही एक तक्रार. आणि डेव्हिडॉफ या नावावर खरा हक्क कोणाचा, हा दुसरा वाद.

येथे झिनो यांच्यापुढचा पेच त्यांच्या आयुष्यभराच्या धंद्यातूनच आलेला होता. उत्तम तळघर चांगली सिगार चांगली ठेवू शकते. वाईट सिगारला ते चांगली करू शकत नाही. राखणदाराची सारी पुण्याई अखेर दुसऱ्याच्या हातच्या कामावर अवलंबून असते. ऑगस्ट १९८९ मध्ये त्याचे उत्तर दिले गेले. विक्रीला अयोग्य ठरविलेल्या एक लाखाहून अधिक सिगारची जाहीर होळी करण्यात आली. पानाला चीर पडू नये म्हणून हयात वेचलेले ८३ वर्षांचे झिनो आपल्याच नावाच्या मालाची राख होताना पाहत होते. क्यूबाशी असलेले नाते त्यानंतर संपले. उत्पादन डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हलविण्यात आले आणि १९९१ च्या समझोत्यानंतर क्यूबात बनलेल्या डेव्हिडॉफ सिगारची विक्री थांबली. तारुण्यात ज्या बेटाने त्यांना घडविले, ज्याची हवा त्यांनी जिनिव्हाच्या तळघरात जपली, ते बेट त्यांच्या नावापासून कायमचे तुटले. १४ जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, जिनिव्हात त्यांचे निधन झाले.

तंबाखू आरोग्याला घातक आहे आणि सिगारही त्याला अपवाद नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी तिचा संबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला आहे आणि एका झिनो यांच्या दीर्घायुष्याने त्यात काही फरक पडत नाही. ओढावे तर थोडे आणि उत्तम, असे ते स्वतः सांगत; पण थोड्यालाही किंमत असतेच. त्यांच्या आयुष्यातून घेण्यासारखे आहे ते धुराबाहेरचे. वस्तू मिळविण्याइतकेच ती राखणे हेही कसब आहे आणि त्याला रोजची नजर, मोजमाप व संयम लागतो.

हवानात वळलेल्या त्या जुन्या डेव्हिडॉफ सिगारच्या पेट्या आजही अधूनमधून लिलावात येतात आणि संग्राहक त्यांसाठी मोठी किंमत मोजतात. नव्या पेट्या येणे केव्हाच बंद झाले आहे. ज्या उरल्या, त्या तीन दशकांहून अधिक काळ कोणीतरी लाकडी पेटीत, ठरावीक उबेत आणि सत्तर टक्क्यांच्या आसपासच्या ओलाव्यात सांभाळल्या म्हणून उरल्या. होळीतून आणि करारांतून सुटलेला झिनो यांचा वारसा टिकला आहे, तो त्यांनीच शिकविलेल्या राखणीच्या आधारावर.