थंडी सगळ्यांनाच वाजते : डोरोथिया डिक्स

आमच्या बेळगावात कुणी जरा वेगळं वागलं, की याला धारवाडला पाठवा म्हणून थट्टा होते. धारवाडला मनोरुग्णांचं जुनं हॉस्पिटल आहे, एवढाच त्या थट्टेचा अर्थ. मीही कितीतरी वेळा असं बोलले आहे. पण आमच्या घरात आजीचे एक भाऊ होते. आम्ही त्यांना मामाआजोबा म्हणायचो. नाताळला पाहुणे आले, की त्यांना मागच्या खोलीत बसवायचे आणि ताट तिकडंच पाठवायचे. कुणी त्यांना मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त ते कुणाला दिसू नयेत, अशी सगळ्यांची इच्छा असायची. मंडळाच्या अंकासाठी चरित्र लिहायचं ठरलं, तेव्हा मी डोरोथिया डिक्स हे नाव घेतलं ते त्या मागच्या खोलीमुळं.

डोरोथियाचा जन्म ४ एप्रिल १८०२ चा, अमेरिकेतल्या मेन प्रांतातल्या हॅम्पडेन गावचा. वडील गावोगाव फिरून प्रवचन करणारे, आई सतत आजारी. घरात पैसा नाही आणि लक्ष द्यायलाही कुणी नाही. बारा वर्षांची असताना ती बॉस्टनला आजीकडं राहायला गेली. आजी पैशानं सुखी होती, पण शिस्तीची कडक. चौदाव्या वर्षी या मुलीनं वुस्टर गावात लहान मुलांची शाळा सुरू केली. आपल्याकडं ज्या वयात नववीची परीक्षा असते, त्या वयात ती बाई होऊन शिकवत होती! पुढं तिनं बॉस्टनलाही शाळा चालवली आणि १८२४ मध्ये मुलांसाठी रोजच्या साध्या गोष्टींची माहिती देणारं पुस्तक लिहिलं. त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या.

पण शरीर आणि मन दोन्ही साथ देत नव्हतं. १८३६ मध्ये डिक्सबाई पार कोसळल्या. शाळा बंद करावी लागली. हवापालट म्हणून त्या इंग्लंडला गेल्या आणि लिव्हरपूलच्या रॅथबोन कुटुंबात वर्षभराहून जास्त राहिल्या. तिथं त्यांच्या कानावर एक नवीन विचार आला. यॉर्क शहरात क्वेकर पंथाच्या ट्यूक कुटुंबानं १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी ‘रिट्रीट’ नावाचं घर उघडलं होतं. तिथं साखळदंड नव्हते, चाबूक नव्हता. बाग होती, काम होतं, वेळेवर जेवण आणि सभ्य वागणूक होती. आजारी माणसाला माणसासारखं वागवलं, तर तोही स्वतःला सावरायला शिकतो, असा तो विचार. त्याला तेव्हा नैतिक उपचार म्हणत. खरं तर हे औषधापेक्षा शिक्षणाच्याच जवळचं होतं, आणि शिक्षिकेच्या मनाला ते पटलं यात नवल नाही.

मायदेशी परतल्यावर आजीच्या वारशामुळं पोटाची चिंता उरली नाही. चाळिशीजवळ आलेली, तब्येतीनं नाजूक, अविवाहित बाई. लोकांना वाटलं असेल, आता ही शांत बसेल. मार्च १८४१ मध्ये ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात बायकांचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायला त्या गेल्या. वर्ग झाल्यावर त्यांनी तुरुंग फिरून पाहिला. गुन्हेगारांच्या शेजारी मनोरुग्ण बायका कोंडलेल्या होत्या. त्यांनी काहीही गुन्हा केला नव्हता. बाहेर कडाक्याची थंडी, आणि त्या कोठड्यांत शेगडी नाही. कारण विचारलं तर उत्तर मिळालं, की वेड्यांना थंडी वाजत नाही.

डिक्सबाईंनी कोर्टात दाद मागितली आणि तिथं शेगडी बसवून घेतली. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पुढची जवळजवळ दोन वर्षं त्यांनी मॅसॅच्युसेट्सचे तुरुंग आणि अनाथ-गरिबांची आश्रयघरं वहीपेन्सिल घेऊन पालथी घातली. कुणी पिंजऱ्यात, कुणी तळघरात, कुणी गोठ्यात, कुणी साखळीला बांधलेलं. गावाचं नाव आणि तिथं काय दिसलं, हे त्या लिहीत गेल्या. जानेवारी १८४३ मध्ये त्यांनी हे सगळं एका निवेदनात मांडून विधिमंडळाला दिलं. तेव्हा बाईनं तिथं उभं राहून बोलायची रीत नव्हती, म्हणून ते डॉ. सॅम्युअल हाऊ यांनी सादर केलं. हे हाऊ अंधांच्या शाळेचे प्रमुख. पुढं १८४८ मध्ये त्यांनी मतिमंद मुलांसाठीही शाळा काढली. निवेदनावर खूप गदारोळ झाला, खोटं लिहिलंय असे आरोप झाले. पण शेवटी वुस्टरचं सरकारी हॉस्पिटल वाढवायला पैसे मंजूर झाले.

मग हीच त्यांची पद्धत ठरली. आधी स्वतः पाहायचं, मग लिहायचं, मग आमदारांना एकेक करून गाठायचं. आगगाडी, बोट, घोडागाडी, मिळेल त्या वाहनानं त्या राज्याराज्यांत फिरल्या. न्यू जर्सीत ट्रेंटनचं हॉस्पिटल १८४८ मध्ये सुरू झालं. त्याला त्या आपलं पहिलं लेकरू मानत. तीसहून अधिक हॉस्पिटलं उभारण्यात किंवा वाढवण्यात त्यांचा हात होता. मनोरुग्णांसाठी, आणि अंध व मूकबधिरांसाठीही, १,२२,२५,००० एकर सरकारी जमीन राखून ठेवावी, असं विधेयक त्यांनी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतून मंजूर करून घेतलं. १८५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी ते नाकारलं. गरिबांची काळजी हे केंद्राचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. इतक्या वर्षांची मेहनत एका सहीअभावी गेली.

थकलेल्या डिक्सबाई युरोपला गेल्या, पण तिथंही विश्रांती नाहीच. स्कॉटलंडमध्ये त्यांनी धरलेल्या आग्रहातून चौकशी आयोग नेमला गेला आणि १८५७ मध्ये नवा कायदा झाला. रोममधल्या मनोरुग्णालयाची अवस्था पाहून त्या थेट पोप नववे पायस यांना भेटल्या. पोपनी स्वतः जाऊन पाहणी केली आणि सुधारणांना हात घातला. प्रॉटेस्टंट बाई पोपला गाऱ्हाणं सांगते आणि पोप ऐकतात, हे वाचून मला खरंच आनंद झाला.

तो आनंद पुढच्या प्रकरणात थोडा ओसरला. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि डिक्सबाई लष्करी नर्सेसच्या प्रमुख झाल्या. नर्स पस्तिशीच्या पुढची हवी, दिसायला साधी हवी, कपडे काळे किंवा तपकिरी हवेत, दागिने नकोत, अशा त्यांच्या अटी. कॅथलिक सिस्टर्सना घ्यायला तर त्या नाखूश असत. या सिस्टर्स तेव्हा दोन्ही बाजूंच्या जखमींची सेवा करत होत्या. डॉक्टरांशीही त्यांचं पटेना, आणि १८६३ मध्ये त्यांचे बरेच अधिकार काढून घेतले गेले. शिवाय दक्षिणेतल्या राज्यांत इतकं फिरूनही त्या गुलामगिरीबद्दल गप्प राहिल्या. कोठडीतल्या बाईची थंडी जिला कळली, तिला हे का कळू नये? मला याचं उत्तर सापडलं नाही. एका ठिकाणी लख्ख दिसणारी नजर दुसऱ्या ठिकाणी अधू असू शकते, एवढंच मी समजले.

युद्धानंतर त्या पुन्हा हॉस्पिटलं पाहायला निघाल्या. पण जी अडीचशे रुग्णांसाठी बांधली होती, त्यांत कितीतरी जास्त माणसं भरली जात होती. बाग, वाचन, काम हे सगळं मागं पडून नुसतं सांभाळणं उरलं होतं. १८८१ मध्ये ट्रेंटनच्या हॉस्पिटलनं त्यांना राहायला जागा दिली. त्या ‘पहिल्या लेकरा’च्या घरीच १७ जुलै १८८७ रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या देशात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळीनं बांधायला बंदी केली. म्हणजे २०१७ मध्येही ती बंदी लिहावी लागली. आणि मागच्या खोलीवर तर कुठलाच कायदा नाही. ती आपली आपणच उघडायची असते. मामाआजोबा आता नाहीत. त्यांना आमच्यात बसायचं होतं का, हे आम्ही कधी विचारलंच नाही. धारवाडची थट्टा मात्र मी सोडली आहे.