पडद्याची शिल्लक

लग्न जमवायचं म्हटलं की मुलीचा चष्मा लेसरने घालवावा, असा सल्ला आमच्या पनवेलमध्ये सर्रास ऐकू येतो. तेव्हा मला डॉ. होसे बाराकेर आठवतात.

१९१६ साली बार्सिलोनात ते जन्मले. आजोबा आणि वडील दोघेही नेत्रवैद्य. होसेंनी मात्र चष्म्याचा नंबर डोळ्यातच दुरुस्त करायचं मनावर घेतलं. १९४९ साली कल्पना मांडली आणि पुढे कोलंबियातल्या बोगोटात ती फळाला आणली. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची चकती कापायची, गोठवायची, लेथवर घासून तिला आकार द्यायचा आणि परत डोळ्यावर शिवायची. घड्याळजीचंच काम ते! पुढे लेथची जागा लेसरने घेतली. आता पडद्याची पातळ झडप उचलून खाली लेसर चालवतात, तेच लॅसिक.

हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तो फार खरवडला गेला किंवा मुळातच कमजोर असला, तर आतल्या दाबाने पुढे फुगतो, नजर वेडीवाकडी होते. लॅसिकनंतरचे असे रुग्ण १९९८ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. त्याच वर्षी बाराकेर वारले. आज रिबोफ्लेविन आणि अतिनील किरणांनी हा फुगवटा बहुधा थोपवता येतो, पण गेलेली नजर सहसा पूर्ववत होत नाही.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मी आधी शिल्लक पाहतो. झडपेखाली निदान पाव मिलिमीटर उरावा, असा डॉक्टरांचा साधारण दंडक आहे. तेव्हा मुहूर्ताआधी पडद्याची जाडी आणि आकार तपासून घ्या. डॉक्टर नको म्हणाले, तर मुलीला चष्म्यासकट बोहल्यावर चढू द्या.