रोजचाच रविवार

लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर एके काळी ईस्ट इंडिया कंपनीची भलीमोठी कचेरी होती. हिंदुस्थानातली नीळ आणि चीनचा चहा तिथल्या खतावण्यांत आकडे होऊन उतरत असे. २९ मार्च १८२५ रोजी या कचेरीच्या हिशेब खात्यातला पन्नास वर्षांचा एक कारकून तेहतीस वर्षांची नोकरी संपवून कायमचा घरी निघाला. त्याचे नाव चार्ल्स लॅम. शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी आपल्यापैकी अनेकांनी प्रथम वाचल्या त्या त्याने आणि त्याच्या बहिणीने १८०७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून. 'एलिया' या टोपणनावाने त्याने लिहिलेले निबंध तर इंग्रजी भाषेचे भूषण मानले जातात.

मी दिवसा बँकेत व्हाउचरे तपासली आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे लॅम मला नेहमी शेजारच्या टेबलावरचाच वाटत आला. स्वतः निवृत्त झाल्यावर त्याची शेवटची दहा वर्षे मी पुन्हा वाचली. त्या वाचनाने मला जे दिले, ते निवृत्तीवरच्या कुठल्याही व्याख्यानाने दिले नव्हते.

लॅमचा जन्म १७७५ चा. वडील एका वकिलाच्या पदरी कारकून. शाळेत कोलरिजसारखा मित्र मिळाला, पण बोलताना जीभ अडखळे, म्हणून विद्यापीठाचे दार बंद झाले. १७९२ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो कंपनीच्या नोकरीत चिकटला. १७९५-९६ च्या हिवाळ्यात त्याला स्वतःलाच सहा आठवडे मनोरुग्णालयात काढावे लागले. त्यातून सावरतो न सावरतो तोच २२ सप्टेंबर १७९६ चा दिवस उगवला. शिवणकाम आणि आजारी आईची सेवा यांनी पिचून गेलेल्या मेरीने, त्याच्या थोरल्या बहिणीने, वेडाच्या झटक्यात हातातल्या सुरीने आईचाच जीव घेतला. चार्ल्स तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बहिणीची जबाबदारी त्याने आपल्या अंगावर घेतली आणि ती शेवटपर्यंत टाकली नाही. लग्न केले नाही. झटका येणार अशी चिन्हे दिसली की दोघे भाऊबहीण हातात हात घालून इस्पितळाची वाट धरत. बरी झाली की मेरी परत येई आणि पुन्हा संसार मांडला जाई.

अशा घरातून रोज सकाळी निघायला एक ठिकाण होते, ते म्हणजे कचेरी. लॅमने तिच्याविषयी कुरकुर पुष्कळ केली. सुट्टी म्हणजे काय ती रविवारची आणि उन्हाळ्यात आठवडाभराची. उशिरा येण्याबद्दल साहेबाने हटकले, तेव्हा त्याची भरपाई मी लवकर जाऊन करतो, असे त्याने सांगितल्याचा किस्सा प्रसिद्धच आहे. पण मला वाटते, त्या मेजानेच त्याला उभे ठेवले. घरी काहीही घडो, दहा वाजता खतावणी उघडावी लागे आणि तेवढा वेळ दुःखाला बाहेर थांबावे लागे.

मग सुटका झाली. पेन्शन उत्तम होते, वर्षाला ४५० पौंड. त्यातले नऊ पौंड कापून हातात ४४१ येणार होते. हे नऊ पौंड कशाचे, तर आपल्या मागे मेरीला काही मिळत राहावे यासाठीच्या तरतुदीचे. आजच्या भाषेत कुटुंब निवृत्तिवेतन. पैशाच्या बाजूने या माणसाने काही कच्चे ठेवले नव्हते.

कच्चे होते ते दिवसांच्या बाजूला. पहिले काही दिवस तो भांबावून गेला. त्याच उन्हाळ्यात आजारी पडला. निवृत्त कारकुनावरचा त्याचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यातला माणूस जुन्या कचेरीत डोकावतो, तर त्याचे मेज आणि टोपीची खुंटी दुसऱ्याला मिळालेली असते. हेच दृश्य मी आमच्या शाखेत कितीदा पाहिले आहे! निवृत्त झालेले गृहस्थ पहिल्या महिन्यात पासबुक भरायच्या निमित्ताने येत. चहा होई, चौकशी होई, आणि मग ज्याचे त्याचे डोळे आपापल्या कामाकडे वळत. लॅमला आणखी एक गोष्ट उमगली. सगळेच दिवस मोकळे झाल्यावर रविवारची गोडी उरत नाही. सुट्टीला चव असते ती शेजारच्या कामाच्या दिवसांमुळे.

यावर त्याने शोधलेला उपाय मला फार आवडतो. १८२६ मध्ये तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊ लागला. नट गॅरिक याने जमवलेल्या जुन्या नाटकांचा मोठा संग्रह तिथे होता. ती नाटके वाचायची आणि चांगले उतारे उतरवून घ्यायचे, हा नवा उद्योग. वेळ दहा ते चार! ज्या कचेरीला तो एवढा कंटाळला होता, तशीच एक त्याने आपल्या हाताने उभी केली. फरक एवढाच, की या कचेरीत साहेब नव्हता आणि काम आवडीचे होते. ते उतारे १८२७ मध्ये छापून आले.

पुढे मात्र घडी विस्कटली. मेरीच्या प्रकृतीसाठी दोघे १८२७ मध्ये लंडन सोडून एन्फील्ड गावी राहायला गेले. आमच्यातलेही कितीजण मुंबईचा ब्लॉक विकून गावी घर बांधतात आणि चार महिन्यांत गाडीच्या गर्दीची आठवण काढतात. लॅमचे तसेच झाले. रस्ते, पुस्तकांची दुकाने, रात्री गप्पांना येणारे मित्र सारे दूर राहिले. मेरीची आजारपणे लांबत गेली. १८३३ मध्ये ती एडमंटनला ज्या घरी उपचारासाठी राहिली, तिथेच हाही राहायला गेला. मुलीसारखी सांभाळलेली एमा त्याच वर्षी लग्न होऊन गेली. १८३४ च्या जुलैत कोलरिज गेला. डिसेंबरात रस्त्यात पडल्याचे निमित्त झाले, आणि २७ तारखेला लॅमने डोळे मिटले.

या शेवटाला अपयश म्हणायला मी तयार नाही. त्या वर्षांतले त्याचे दुःख निवृत्तीचे नव्हते, ते एका भावाचे होते. निवृत्तीचे कोडे त्याने म्युझियमच्या त्या बाकावर सोडवले होते. आपण प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन, नॉमिनेशन सगळे चोख करतो. पण दहा ते चारचे काय, याचा अर्ज कोणी भरून घेत नाही, तो ज्याचा त्याने भरायचा असतो. आणि जिथे चार ओळखीचे चेहरे भेटतात, ते गाव सोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मेरी भावाच्या मागे बारा वर्षांहून अधिक जगली. १८४७ मध्ये तिला एडमंटनलाच त्याच्या शेजारी ठेवले. नऊ पौंडांचा हिशेब त्या जुन्या कारकुनाने बरोबर मांडला होता.