सांताक्लॉजला पत्ता देणारा संपादक

नाताळ जवळ आला की कॅनडातील टोरांटो शहरात स्वयंसेवकांची लगबग सुरू होते. गरजू कुटुंबांतील लहान मुलांसाठी भेटवस्तूंच्या पेट्या घरोघर पोहोचवण्याची तेथे मोठी परंपरा आहे. 'टोरांटो स्टार' या दैनिकाने १९०६ मध्ये सुरू केलेल्या 'सांताक्लॉज फंड'चा हा उपक्रम आहे. पहिल्या वर्षी अवघे दीडशे डॉलर जमले आणि त्यातून सुमारे तीनशे मुलांना भेटी देण्यात आल्या. पुढे २०१०च्या दशकात दरवर्षी सुमारे ४५ हजार मुलांपर्यंत या पेट्या पोहोचत होत्या. या निधीमागे उभे होते दैनिकाचे तत्कालीन संपादक-संचालक जोसेफ अ‍ॅटकिन्सन. दारिद्र्य काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पोरका बालपणीचा काळ

अ‍ॅटकिन्सन यांचा जन्म ओंटारिओतील न्यूकॅसल या गावाजवळ २३ डिसेंबर १८६५ रोजी, म्हणजे नाताळच्या दोनच दिवस आधी झाला. ते तान्हे असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आठ मुलांचा भार एकट्या आईवर आला. कामगारांसाठी खानावळवजा वसतिगृह चालवून तिने संसार रेटला. जोसेफला शाळेत फार काळ रमता आले नाही. चौदाव्या वर्षाच्या आसपास तो लोकरीच्या गिरणीत कामाला लागला.

याच बालपणातील एक प्रसंग 'स्टार'च्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो. हिवाळ्यात गावातील तळे गोठले होते. बरोबरीची मुले बर्फावर स्केटिंग करत होती. जोसेफ मात्र काठावर उभा राहून पाहत होता. जवळून जाणाऱ्या एका अनोळखी बाईने त्याला न खेळण्याचे कारण विचारले. स्केट्स नाहीत, एवढेच कारण होते. तिने त्याला ते घेऊन दिले. ती बाई कोण होती, हे इतिहासाला ठाऊक नाही. पण तिने दिलेली भेट त्या मुलाच्या मनात घर करून राहिली. पोटाला अन्न मिळणे ही गरज असतेच. पण इतर मुले खेळत असताना आपण काठावर उभे न राहणे, हीसुद्धा मुलाची गरज असते, हे त्याला त्या दिवशी कळले असावे.

वृत्तपत्राच्या उंबरठ्यावर

पोर्ट होप येथील एका छोट्या वृत्तपत्रात त्यांना नोकरी मिळाली आणि पत्रकारितेची वाट खुली झाली. तेथून टोरांटो, मग 'ग्लोब' दैनिकाचा वार्ताहर, पुढे मॉन्ट्रियलच्या 'हेरल्ड'चे व्यवस्थापकीय संपादक असा त्यांचा प्रवास झाला. 'ग्लोब'मध्येच त्यांची ओळख एल्मिना इलियट यांच्याशी झाली. त्याही लेखिका-पत्रकार होत्या. १८९२ मध्ये दोघे विवाहबद्ध झाले.

योगायोग असा, की 'स्टार'चा जन्मही १८९२ मधलाच. संपावर गेलेल्या छपाई कामगारांनी ते सुरू केले होते. १८९९ मध्ये उदारमतवादी पक्षाच्या काही धनिक पाठीराख्यांनी हे डळमळते पत्र विकत घेतले आणि ३३ वर्षांच्या अ‍ॅटकिन्सन यांच्या हाती सोपवले. त्यांनी पद स्वीकारताना अट घातली, की पत्र कोणत्याही पक्षाचे बटीक असणार नाही. पाच हजार डॉलरच्या वार्षिक पगारापैकी दोन हजार त्यांनी पत्राच्या समभागांच्या रूपात मागून घेतले. त्यातूनच पुढे मालकी त्यांच्याकडे आली. पहिल्या महायुद्धापूर्वीच 'स्टार' टोरांटोतील सर्वाधिक खपाचे दैनिक ठरले.

भेट आणि हक्क

त्या काळातील टोरांटो वेगाने वाढत होते. महापालिकेच्या इमारतीलगत 'द वॉर्ड' नावाची स्थलांतरितांची दाट, गरीब वस्ती होती. १९०१ मध्ये 'स्टार'ने 'फ्रेश एअर फंड' काढून उन्हाळ्यात गरीब मुलांना शहराच्या धगीतून बाहेर नेण्याची सोय केली. १९०५ मध्ये ईटन या बड्या दुकानाने शहरात सांताक्लॉजची पहिली मिरवणूक काढली. त्यानंतर वर्षभरातच सांताक्लॉज फंड आला. मिरवणुकीतला सांताक्लॉज रस्त्यावरून जात होता. त्याला गरिबाच्या दारापर्यंत न्यायचे काम या निधीने केले. ते काम करताना वाचकांच्या छोट्या छोट्या देणग्यांवर भर होता. पुढे या पेटीला ठरावीक रूप आले. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी उबदार कपडे, टोपी, हातमोजे, मोजे, एक खेळणे, एक पुस्तक आणि खाऊ. थंडीपासून संरक्षण आणि सणाचा आनंद या दोन्ही गोष्टी एकाच पेटीत.

यावर टीकाही झाली. धर्मनिष्ठ मेथडिस्ट असलेल्या अ‍ॅटकिन्सन यांना विरोधक 'होली जो' म्हणून हिणवत. एकीकडे खप वाढवण्यासाठी भडक बातम्या, दुसरीकडे पुण्यकर्म, असा तो आक्षेप होता आणि तो पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही. ते स्वतः कमालीचे श्रीमंत झाले, हेही खरे.

तथापि त्यांच्या चरित्राचा खरा गाभा वेगळाच आहे. वर्षातून एकदा पेटी दिली म्हणजे जबाबदारी संपली, असे त्यांनी मानले नाही. विधवा मातांना भत्ता, वृद्धांना निवृत्तिवेतन, बेकारांना विमा, आजाऱ्यांना उपचार या गोष्टी दान म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून मिळाव्यात, यासाठी त्यांनी आपल्या स्तंभांतून सातत्याने मोहीम चालवली. ओंटारिओत मातांसाठी भत्त्याचा कायदा १९२० मध्ये झाला. देशात वृद्धांचे निवृत्तिवेतन १९२७ मध्ये, बेकारी विमा १९४० मध्ये आणि मुलांसाठीचा कुटुंब भत्ता १९४५ पासून आला. यांचे श्रेय एका माणसाला देता येणार नाही. परंतु त्या मागण्या वर्षानुवर्षे लोकांसमोर ठेवणाऱ्यांत अ‍ॅटकिन्सन अग्रभागी होते. एकट्या आईने आठ मुले वाढवताना त्यांनी जवळून पाहिले होते. तिला भत्ता मिळाला असता, तर त्यांना गिरणीत जावे लागले असते का, हा प्रश्न त्यांच्या साऱ्या लेखनामागे उभा असल्यासारखा वाटतो.

मृत्यूनंतरची कसोटी

८ मे १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. आपले पत्र त्यांनी आपल्याच धर्मादाय प्रतिष्ठानाच्या नावे केले होते. नफा लोककल्याणासाठी वापरला जावा, हा हेतू होता. परंतु ओंटारिओ सरकारने १९४९ मध्ये कायदा करून धर्मादाय संस्थांना कोणत्याही उद्योगात दहा टक्क्यांहून अधिक हिस्सा ठेवण्यास मनाई केली. त्यांच्या इच्छेवरच घाला पडला. अखेर १९५८ मध्ये प्रतिष्ठानाच्या विश्वस्तांनीच सुमारे २ कोटी ५५ लाख डॉलरला 'स्टार' विकत घेतले आणि संस्थापकाची तत्त्वे पाळण्याची न्यायालयासमोर ग्वाही दिली. २०२० मध्ये मालकी पुन्हा बदलली. सांताक्लॉज फंड मात्र चालूच राहिला.

आपल्याकडेही दिवाळीत वंचित मुलांना फराळ आणि नवे कपडे देणारे अनेक हात पुढे येतात. त्या साऱ्यांनी अ‍ॅटकिन्सन यांच्याकडून घ्यावे असे काही असेल, तर ते हे, की भेटीचा आनंद मुलाला आज द्यावा. पण ज्या अभावामुळे ते मूल काठावर उभे राहिले, तो दूर करण्याचा आग्रहही सोडू नये. हे दोन्ही एकाच आयुष्यात करता येते, याची साक्ष त्यांचे चरित्र देते.